चार दहाची कॉफी

मास्तरांना दोन जावई होते. एक खरा, लेकीचा नवरा. तो बिचारा गरीब, ताटात पडेल ते खाणारा. दुसरा स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसलेला, म्हणजे कॉफीचं यंत्र. ओट्यावरची सगळ्यात चांगली जागा याला, दर आठवड्याला आंघोळ घालायची याला, आणि पाणी जरा कमीजास्त झालं की फुसफुस करून रुसणार हाच. म्हणून मास्तरांनीच त्याचं नाव 'जावई' ठेवलं होतं. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. पंचेचाळीस वर्षं लोकांच्या कमरा मोजल्या, तेव्हा कोणाचे किती लाड होतात हे त्यांना नजरेनंच कळायचं.

यंत्र आणलं होतं त्यांच्या मुलानं, बायकोसाठी. सूनबाई शहराची पहिली बस चालवायची, पाच वीसला डेपोतून निघणारी. डेपोत त्या बसला सगळे 'पहाट' म्हणत. त्यासाठी सव्वाचारला उठावं लागे, आणि नवरा पडला पक्का सूर्यवंशी. डोक्यावर बादली ओतली असती तरी कूस बदलून पुन्हा झोपला असता. पण बायकोनं कडाक्याच्या थंडीत काही न घेता घराबाहेर पडावं, हेही त्याला बघवेना. शेवटी त्यानं हे यंत्र आणलं, पाठीमागची टायमरची गोल चकती चार दहावर लावली आणि छाती काढून म्हणाला, "आता मी झोपेतसुद्धा तुझी कॉफी करीन!"

तीन वर्षांपूर्वी तो पंधरा दिवसांच्या आजारात गेला. चकती राहिली चार दहावर. रात्री जेवणं उरकली की मास्तर यंत्रात पाणी आणि पूड भरून ठेवत, आणि पहाटे त्याची गुडगुड कानावर पडली की सूनबाईला जाग यायची. 'थँक्यू रे,' असं ती रोज मनातल्या मनात म्हणायची आणि मग पांघरूण बाजूला करायची.

आता मास्तर चालले होते. रविवारी नणंद येणार होती, त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायला. विषय त्यांनीच काढला होता, "जरा तिकडे राहून बघतो म्हणतो." पण 'जरा'साठी कोणी शिलाई मशीन चादरीत गुंडाळून दोरीनं बांधून ठेवत नाही. त्यांनी जाऊ नये असं सूनबाईला फार वाटत होतं. पण कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हातारा माणूस दिवसभर घरात एकटा. आपण दुपारी येतो ते पेंगतच, आणि नऊच्या ठोक्याला झोपतो. तिकडे पोटची लेक, नातवंडं. आणि आपण कोण? मुलाची बायको, तीही मुलगा नसलेल्या घरातली. म्हणून ती "बरं" म्हणाली. मास्तरही "बरं" म्हणाले. दोघंही पंधरा दिवस मूग गिळून बसली होती.

शुक्रवारी पहाटे गुडगुड झाली नाही.

सूनबाई गजराच्या आवाजानं उठली आणि तशीच स्वयंपाकघरात गेली. तिथे दिवा लागलेला. मास्तर स्वेटरची सगळी बटणं लावून, भांग पाडून, चष्मा घालून जावयाच्या पाठीत धपाटे घालत होते.

"बाबा! तुम्ही का उठलात?"

"पाणी प्यायला," मास्तर म्हणाले. "तर बघतो काय, हे महाशय थंडगार. प्लग बदलला, हलवून बघितलं, नाही म्हणजे नाहीच. झाकणसुद्धा उघडेना. तोंड मिटून बसलाय."

सूनबाईनं चकती पाहिली. चार दहा. तिनं पटकन तोंड फिरवून डोळे पुसले. यंत्र बिघडलं म्हणून कोणी रडतं का? पण ते यंत्र नव्हतंच तिच्यासाठी.

"राहू द्या. मी तशीच जाते. डेपोत घेईन काहीतरी."

"डेपोतली कॉफी? त्यापेक्षा बसच्या रेडिएटरमधलं पाणी पी," मास्तर कडाडले. "आधण ठेव. यंत्र नव्हतं तेव्हा काय माणसं कॉफी पीत नव्हती?"

तिनं पातेल्यात पाणी उकळून पूड टाकली. वास तर छान सुटला. पण चहाच्या गाळणीतून गाळायला गेली तर सगळी पूड पाण्याबरोबर खाली उतरली. कपात नुसता चिखल.

"थांब," मास्तर म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. दोरी सोडल्याचा आवाज आला. सूनबाई दारात जाऊन बघते तर त्यांनी बांधलेलं मशीन चादरीतून बाहेर काढलं होतं. पेटीतून पांढऱ्या मलमलीचा तुकडा काढून मांडीवर पसरला होता.

"माप सांग."

"कसलं माप?"

"गाळणीचं! कपाचं तोंड केवढं, कॉफी किती?"

"दोन कप, बाबा."

निळ्या खडूनं रेघा ओढल्या, कात्री चालली, आणि पहाटेच्या शांततेत मशीन खडखडायला लागलं. दुहेरी शिलाई, पूड निसटू नये म्हणून. आठ मिनिटांत मलमलीची टोपी तयार. सूनबाईनं ती उलटून पाहिली आणि म्हणाली, "हे आत एवढं जास्तीचं कापड कशाला?"

"दाब सोडलाय दीड इंच."

"गाळणीला?"

मास्तरांनी टोपीकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांची सवय, हातानं आपसूक सोडलेला दाब. "असू दे," ते गंभीरपणे म्हणाले. "पुढेमागे अंगानं भरली तर उसवून मोठी करता येईल."

कॉफी गळली. निवळ, काळीभोर, वाफाळती. फक्त कडेनं एक निळसर कंकण तरंगत होतं. कापड धुवायचं राहिलं होतं. खडूही त्यातच, खळही त्यातच. दोघांनी एकेक घोट घेतला.

"कशी आहे?"

"नवा शर्ट चावल्यासारखी," सूनबाई म्हणाली आणि तिला हसू फुटलं. मास्तरही हसले, खोकला येईपर्यंत हसले. पंधरा दिवसांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं. तिनं तो कप तळ दिसेपर्यंत प्यायला. दारात बूट घालताना तिच्या ओठांवर अगदी आलं होतं, 'नका ना जाऊ.' पण तोंडातून निघालं, "गोळी घ्या वेळेवर." ते "हो" म्हणाले.

दुपारी ड्यूटी संपल्यावर घरी येऊन तिनं यंत्र पिशवीत घातलं आणि थेट दुरुस्तीचं दुकान गाठलं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. चारी बाजूंना पोटं फाडलेले मिक्सर आणि पंखे, आणि मधे दुरुस्तीवाला, डोळ्याला भिंग लावून. गिऱ्हाइकानंच वस्तूची वाट लावलेली असते अशी त्याची पक्की खात्री होती.

"काहीही बदला," सूनबाई म्हणाली, "फक्त या चकतीला हात लावू नका. ती चार दहावर लावलेली आहे, तशीच राहू दे."

त्यानं झाकण उचकटलं, पाठीमागचे स्क्रू काढले आणि आत वाकून पाहिलं. "हीटर जळलाय, तो बदलतो. पण ही चकती लावलेली राहिली काय, काढून फेकली काय, सारखंच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे टायमर केव्हाच मेलाय, ताई. हे बघा, आतलं चाक गंजून चिकटलंय. दोन वर्षं तरी झाली असतील."

"शक्यच नाही. रोज चार दहाला कॉफी होते. कालपर्यंत झाली."

दुरुस्तीवाल्यानं भिंग कपाळावर सरकवलं. "झाली असेल. पुढचं बटण हातानं दाबलं की होतेच. कोणीतरी दाबत असेल ना!"

सूनबाई तिथल्या स्टुलावर बसली. पाणी प्यायला उठलेला माणूस स्वेटरची सगळी बटणं लावून, भांग पाडून येत नाही. पहाटे हे तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि तिला दिसलं नव्हतं. शेजारच्या खोलीत मास्तर गाढ झोपलेत असं समजून ती दोन वर्षं चवड्यांवर चालत होती, आणि ते आत पांघरुणात जागे! आणि मग तिला आठवलं, गेल्या वर्षी एकदा जेवताना ती म्हणाली होती, "बघा ना बाबा, तो गेला तरी माझी कॉफी करतोच." मास्तरांनी घास गिळून नुसतं "हो तर" म्हटलं होतं. ते आठवून तिचे कान गरम झाले. इतके दिवस आपण आभार मानत होतो एकाचे, आणि उठत होता दुसराच.

ती घरी आली तेव्हा मास्तर दुसरी गाळणी शिवत होते. या वेळी कापड धुऊन, वाळवून घेतलं होतं.

"टायमर दोन वर्षांपूर्वीच गेलाय," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

मशीन थांबलं. "कोण म्हणतो? तो जिन्याखालचा? त्याला स्वतःच्या पँटची चेन दुरुस्त करता येत नाही, माझ्याकडे घेऊन येतो."

"बाबा."

मास्तरांनी चष्मा काढला. काचा शर्टाला पुसल्या, परत घातला, पुन्हा काढला.

"एका पहाटे मला आपोआप जाग आली," ते म्हणाले. "चार वाजून गेले तरी आवाज नाही. उठून बघितलं, टायमर चालतच नव्हता. तुला उठवून सांगणार होतो. पण काय सांगू, पोरी? पोरगा गेला. त्याचं तेवढं एकच चालू होतं घरात. तेही बंद पडलं, हे मी सांगायचं? मला नाही जमलं. म्हटलं, आजच्या दिवस बटण दाबू, उद्या सांगू."

"आणि उद्या?"

"उद्या पुन्हा तेच. आजच्या दिवस म्हणता म्हणता..." त्यांनी हात उडवला. "म्हाताऱ्याला नाहीतरी झोप कुठे असते? माझाही मुलगाच होता तो. बटण दाबताना मलाही वाटायचं, त्याचंच काम करतोय. मला बरं वाटायचं गं."

सूनबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. कापडाच्या चिंध्यांत, गणवेशासकट.

"आणि सोमवारपासून काय करणार होतात?"

"त्यानंच तर झोप उडाली होती. तीन चिठ्ठ्या लिहिल्या, तीन फाडल्या. जावई नेमका आज मेला, सुटलो म्हटलं."

"मग जाताय कशाला?" तिचा आवाज चढला. "ताईंची इतकी आठवण येते?"

"लेकीची आठवण यायला काय, ती दर रविवारी फोनवर माझं डोकं खाते," मास्तर म्हणाले. मग नजर चुकवून बोलले, "तू अडतिसाची आहेस. अजून सगळं आयुष्य पडलंय. घरात सासरा बसलेला बघून कोणी चांगला माणूस यायचा तो दारातूनच परत जाईल."

"कोण आलं होतं?"

"आलं नाही कोणी. पण यायचं झालं तर?"

"म्हणजे न आलेल्या माणसासाठी तुम्ही घर सोडताय! आणि मी समजत होते, तुम्ही इथे कंटाळलात."

"मी? मी कधी म्हणालो?"

"मी तरी कधी म्हणाले, जा म्हणून?"

"मग बोलायचं नाही का, बाई!"

"तुम्ही बोललात?"

सूनबाईला आता रडू आवरेना आणि तिनं ते आवरलंही नाही. दोन वर्षं, म्हणजे सातशेच्या वर पहाटा, कुडकुडत उठलेला हा माणूस. एकदाही त्यानं उपकार दाखवला नव्हता. उलट श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिलं होतं, आणि वर "हो तर" म्हणून शिक्का मारला होता.

"बाबा, माझं ऐका," ती नाक पुसत म्हणाली. "तुम्ही त्याचे वडील आहात म्हणून मी सांगत नाही. मला एकटीला जमणार नाही म्हणूनही नाही. जमेल मला, मी अख्खी बस चालवते. पण तुम्ही मला हवे आहात. नुसते हवे आहात. राहा ना."

मास्तरांनी मांडीवरच्या गाळणीची शिलाई दोनदा बोटानं चाचपली, जणू काही राहिलंय का बघावं. मग हात लांब करून फोन घेतला आणि लेकीचा नंबर लावला.

"हं, बाळ, मी बोलतोय," ते म्हणाले. आवाज नीट लागायला त्यांना दोनदा खाकरावं लागलं. "रविवारी ये, पोरांना घेऊन ये, चांगली दिवसभर राहा. पण ती मोठी गाडी मागू नकोस कोणाकडे. न्यायचं काही नाहीये."

पलीकडून लेकीनं काहीतरी विचारलं असावं. मास्तर सूनबाईकडे बघत राहिले.

"नाही गं, तब्येत ठणठणीत आहे," ते म्हणाले. "मला इथं राहायला सांगितलंय."