चिकटवलेली दांडी

तेजलला त्या हॉस्पिटलची शिसारी आली ती पहिल्याच दिवशी. पण बाप धापा टाकत होता, पायांवर सूज चढली होती आणि भुशीच्या रस्त्यावरच्या त्यांच्या घरापासून तेच जवळ होतं. तिनं नाक मुठीत धरलं आणि अप्पांना तिथं भरती केलं.

अप्पा म्हणजे श्रीपती. रेल्वेत कीमन होते, रुळांच्या चाव्या ठोकून घट्ट ठेवणारे. उभा जन्म घाटातल्या रुळांवर गेला. धुक्यात, धो धो पावसात, ओल्या खडीवरून खांद्यावर हातोडा टाकून चालले, पण पाय घसरला असं कधी झालं नाही. आता सत्तरी उलटली होती आणि हृदय दमलं होतं. डॉक्टरांनी पाणी उतरवायची गोळी सुरू केली, ब्लडप्रेशरची गोळी बदलली, वर शांत झोप लागावी म्हणून आणखी एक दिली. सूज उतरायला लागली. पण पलंगावर उठून बसलं की अप्पांच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची, आणि पाणी उतरवायच्या गोळीपायी लघवीला सारखं उठावं तर लागायचंच.

"आबा, इथंच पॉट देते ना," राजेश्वरी सिस्टर म्हणाली. सगळा वॉर्ड तिच्या एकटीच्या गळ्यात होता.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "एवढ्या मानसांत? मी काय तान्हं पोर हाय व्हय?"

सिस्टरनं त्यांच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला. हा पेशंट पडू शकतो, असा त्याचा अर्थ. "आता एकट्यानं उठायचं नाही. बेल दाबायची," तिनं बजावलं.

तेजलनं लगेच बेल दाबून बघितली. कुठंच काही वाजलं नाही.

"ती बंद आहे, ताई," सिस्टर हळूच म्हणाली. "हाक मारा."

पलंग एवढा उंच, की अप्पांचे पाय अधांतरी लोंबायचे. चाकाचा ब्रेक धरत नव्हता, त्यामुळं उतरायला गेलं की पलंग मागं सरकायचा. पण खरी घाण होती बाथरूममध्ये. फ्लशची टाकी गळत होती आणि ते पाणी मुरून मुरून फरशीवर बुळबुळीत थर साचला होता. कोपऱ्यात कुणाच्या तरी जखमेची पट्टी भिजून पडलेली. ती काल होती, आज होती, आणि उद्याही असणार हे दिसत होतं. सगळ्या पेशंटांना मिळून रबरी चपलांचा एकच जोड, तळ झिजून गुळगुळीत झालेला. वास तर असा, की ओढणी नाकाला लावली तरी घशात उतरायचा. आईनं, हिरानं, घरून पाठवलेला डबा तेजलनं उघडला आणि तसाच मिटला.

ती मॅनेजरकडं गेली. सुहास त्याचं नाव. कडक इस्त्रीचा शर्ट आणि अत्तराचा घमघमाट. त्या बाथरूममध्ये हा माणूस कधी पाय ठेवत नसणार, हे त्याच्या बुटांवरूनच कळत होतं.

"मॅडम, टेन्शनच घेऊ नका. मानांकनाची टीम येतीये, हॉस्पिटलचा दर्जा तपासायला. सगळं टापटीप होणार," तो म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवशी खरंच माणसं आली. भिंतीवर, कमोडच्या बाजूला, स्टीलची चकचकीत दांडी बसली. गळती तशीच राहिली, पट्टीही तशीच, पण दांडी आली. तेजलला तेवढ्यानंही हायसं वाटलं. तिनं अप्पांना हाताला धरून नेलं आणि दाखवलं. "हिला धरायचं, अप्पा. घट्ट धरायचं आणि मगच उठायचं."

"ब्येस झालं," अप्पा म्हणाले.

टीम यायच्या आदल्या दिवशी सकाळपासून धांदल उडाली. नवे पडदे लागले, जिन्यात कुंड्या आल्या. दुपारी सुहास वॉर्डात आला आणि नातेवाइकांना खाली जायला सांगू लागला. वॉर्ड मोकळा दिसायला हवा होता, फोटो काढायचे होते.

"वडिलांना एकट्याला जमत नाही," तेजल म्हणाली.

"आमचा स्टाफ आहे की."

स्टाफ तेव्हा पडद्यांना इस्त्री करत होता. तरी ती गेली. भांडणाला सुद्धा अंगात जोर लागतो, आणि इतक्या दिवसांच्या जागरणानं तिच्यात तो उरला नव्हता. खाली प्लास्टिकच्या खुर्चीत ती जरा टेकते न टेकते तोच राजेश्वरी सिस्टरचा फोन आला. "ताई, वर या. लवकर."

बाथरूमच्या दारात गोरख नावाचा वॉर्डबॉय उभा होता. नाकावर रुमाल. "हातमोजे आणायला पाठवलंय," तो म्हणाला, आणि दारातून जागचा हलला नाही.

आत अप्पा त्या पाण्यात आडवे पडले होते. पायजमा भिजून अंगाला चिकटला होता, एक पाय भलत्याच बाजूला वळला होता. क्षणभर, फक्त क्षणभर, तेजलचंही पाऊल उंबऱ्यावर अडलं. त्या बुळबुळीत फरशीवर गुडघा टेकायला तिचं अंग तयार होईना. मग तिला स्वतःचीच इतकी घृणा आली, की गोरखला ढकलून ती आत शिरली आणि त्या घाणीत मांडी घालून बसली. बापाचं डोकं मांडीवर घेतलं.

"तेजू," अप्पा कण्हत म्हणाले, "मी घट्ट धरलं व्हतं गं. ह्ये हातातच आलं."

दांडी अजून त्यांच्या मुठीत होती. तेजलनं ती सोडवून घेतली आणि उलटी केली. दोन्ही टोकांना स्क्रूसाठी भोकं होती, रिकामी. मागं नुसता पांढरा गम होता.

ती दांडी तिनंच दाखवली होती. घट्ट धरा म्हणून तिनंच सांगितलं होतं. 

एक्स-रेत दिसलं, की खुब्याचं हाड मोडलंय. सुहास लगबगीनं आला. "असं आहे मॅडम, पेशंटला पट्टा बांधलेला होता. म्हणजे सूचना दिलेली होती. त्यांनी बेल दाबायला हवी होती."

"बेल वाजत नाही."

"मग हाक मारायची."

"कुणाला? हाक ऐकणाऱ्यांना तुम्ही खाली पाठवलंत."

तो गोड हसला. त्या हसण्यानं तिच्या अंगावर झुरळ चढल्यासारखं झालं. "जाऊ द्या ना. ऑपरेशन आपण इथंच करू. बाहेर कुठं बोलायची गरज नाही. घरातली गोष्ट आहे."

"कुणाच्या घरातली?" तिनं विचारलं आणि ॲम्ब्युलन्स बोलवली. अप्पांना पुण्याला न्यायचं ठरलं.

अप्पांचा चष्मा वॉर्डातच राहिला होता. तो घ्यायला ती वर गेली, तर बाथरूममधून आवाज. आत गोरख भिंतीला टेकून उभा होता. एका हातात गमची ट्यूब होती आणि दुसऱ्या हातानं त्यानं तीच दांडी त्याच जागी दाबून धरली होती. फरशीवरचं पाणी अजून कुणी पुसलं नव्हतं.

"काय करताय?"

"साहेबांनी सांगितलंय. उद्या टीम हाय."

तेजलनं त्याचा हात बाजूला केला, दांडी धरली आणि ओढली. ओला गम तारा सुटत तिच्या बोटांना चिकटला. मग ती बायकांच्या बाथरूममध्ये गेली. तिथली दांडी तर वाळलेली होती. तीही एका हिसक्यात निघाली. शेजारच्या वॉर्डातली निघाली. पोट धरून एक बाई तिथं दाराशी उभी होती, ती बघतच राहिली. "अगं माय, मी आत्ताच हिला धरून उठले की!"

सगळ्या दांड्या काखेत मारून तेजल खाली उतरली. स्वागताच्या टेबलावर टीमसाठी झेंडूचे हार येऊन पडले होते. त्या हारांवर तिनं दांड्या आपटल्या. "उद्या त्यांना यांनाच धरून उठायला सांगा."

ॲम्ब्युलन्सशी राजेश्वरी सिस्टर आली. डोळे भरलेले. "मी बोलले होते ताई, स्क्रू मारा म्हणून. साहेब म्हणाले, टाइल्स फुटतील, दिसायला वाईट दिसेल."

"मी तक्रार करणार आहे. हे चौकशीत सांगाल?"

सिस्टरनं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

एक्सप्रेसवेवर उर्से टोलनाक्याशी गाड्या तुंबल्या होत्या. प्रत्येक धक्क्याला अप्पा दात आवळत होते. तेजलच्या सलवारीला त्या फरशीचा वास लागला होता आणि पुणं येईपर्यंत तो तिच्याबरोबर राहिला.

ऑपरेशन झालं. तेजलनं तक्रार केली, पाठपुरावा केला, चौकशीही लागली. चौकशीत राजेश्वरी सिस्टर म्हणाली, मला नीट आठवत नाही. सुहासची त्यांच्याच दुसऱ्या शाखेत बदली झाली, म्हणे बढतीवर. मानांकन काही महिने लांबलं आणि मग मिळालं. दारावर झगमगता बोर्ड लागला. बसमधून जाताना तो दिसला की तेजलच्या तोंडात कडू पाणी यायचं. दांड्यांना स्क्रू मारलेत का, हे मात्र तिनं स्वतः जाऊन, हलवून बघितलं. तेवढं झालं होतं.

अप्पा घरी आले ते वॉकर घेऊन. आईचे खांदे आखडलेले, तिच्यानं त्यांना उचलवेना. अंघोळीचा प्रश्न आला तेव्हा अप्पा हटून बसले. पोरीच्या हातनं अंघोळ नको म्हणाले. आठवडाभर ओल्या फडक्यावर भागवलं. शेवटी एका सकाळी तेजलनं विचारलंच नाही. न्हाणीत स्टूल ठेवलं, पाणी काढलं आणि त्यांना आणून बसवलं.

अप्पांनी मान वर केली नाही. पाठीवर तांब्या रिता झाला तेव्हा पुटपुटले, "तुला किळस न्हाई येत?"

"येते की."

अप्पा दचकले.

"तुमची नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी दारात क्षणभर थांबले होते, त्याची येते."

"म्या बगितलं व्हतं," अप्पा म्हणाले. तेजलनं आणखी एक तांब्या ओतला. "पर आलीस ना आत. त्यो गोरख तर मोजं येईस्तवर दारातच उभा व्हता."

तिनं साबण हातात घेतला.

"मान खाली करा, अप्पा. डोळ्यांत जाईल."

त्यांनी मान खाली केली.