दोन डिरेक्टऱ्यांची उंची

"उचल. अजून थोडा. अजून."

"उचललाय अहो."

"कुठे उचललाय? जमिनीलाच तर आहे."

"मग जमीन वर आली असेल. मोजून बघा."

शरच्चंद्र खांबेटे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसले होते. समोर टेलिफोन खात्याच्या तीन जुन्या डिरेक्टऱ्या एकावर एक रचलेल्या. नीरजाताई कपाटाची कड धरून उभ्या. डावा पाय उचलायचा, वरच्या डिरेक्टरीवर टेकवायचा, एवढंच काम होतं. पाय थरथरला, दुसऱ्या डिरेक्टरीच्या कडेला घासला आणि परत खाली आला.

शरच्चंद्रांनी वरची डिरेक्टरी काढून घेतली. आता पाय टेकला.

"दोन," ते म्हणाले आणि रजिस्टरात लिहिलं. एक डिरेक्टरी अडीच इंच, म्हणजे पाच इंच. पाडव्याला चार डिरेक्टऱ्या होत्या. आता श्रावण.

माणूस भूमापन खात्यातला. छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. त्यांचा टेप बाहेर निघाला की नारायण पेठेतल्या कललेल्या भिंती घटकाभर सरळ उभ्या राहायच्या, असं लोक सांगतात, आणि पेठेतले लोक उगाच कुणाचं चांगलं बोलत नाहीत. न मोजता त्यांनी आयुष्यात काही घेतलं नाही. फ्रिज घ्यायचं ठरल्यापासून तो घरात येईपर्यंत त्यांची मुलगी अवनी तिसरीतून सातवीत गेली. पण आला तो फ्रिज अजून चालू आहे, हेही खरं.

नीरजाताई टेलिफोन एक्स्चेंजमधल्या. एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून अख्ख्या महाराष्ट्राला एकमेकांशी जोडून दिलं. त्यांच्या वेळच्या ऑपरेटर मैत्रिणी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येरवड्याला जयाकडे जमतात. आधी अकरा होत्या, आता पाच उरल्यात. नीरजाताईंना कंपवात झाला, पाय जडावले, रिक्षात चढणं सुटलं, आणि त्या पाचातली एक खुर्ची आठ महिने रिकामी राहिली. उचलून न्यायला लोक तयार होते. पण त्यांनी बजावलं होतं, "काखेत हात घालून मला कुणी जयाच्या दारात उतरवायचं नाही. त्यापेक्षा मी इथेच बरी."

म्हणून गाडी घ्यायची ठरली होती. मोठी, ऐसपैस, सरकत्या दाराची. आणि दोन गाड्या समोर होत्या.

एक नवी, देशी. सात जणांची, पांढरीशुभ्र. पायरी अंमळ उंच, पण खाली आणखी एक पायरी लावून साडेसात इंचांवर येत होती. दुसरी वापरलेली, जपानी. कुठल्याशा कंपनीच्या परदेशी साहेबानं आपल्या आईसाठी बोटीतून आणलेली. पुढे आई गेली, मग साहेब गेला, गाडी राहिली. तिच्यात एक गंमत होती. बटण दाबलं की मधली खुर्ची वळायची, दाराबाहेर यायची आणि जमिनीलगत उतरायची. चढायचा प्रश्नच नाही. किंमत दोघींची जवळपास सारखी, म्हणून तर घोळ.

अवनी बाणेरहून फोनवर सांगायची, "बाबा, सेकंड हँड, त्यातून इम्पोर्टेड? पार्ट्स काय टोकियोहून आणणार? नवीन घ्या. पाच वर्षं वॉरंटी, नो टेन्शन."

"आणि चढवणार कसं?"

"दोन माणसं धरतील ना."

"कुठली दोन?"

यावर अवनी मीटिंग आहे म्हणायची.

शरच्चंद्रांनी रजिस्टरात मधोमध रेघ मारली होती. डावीकडे देशी, उजवीकडे जपानी. दाराची रुंदी, छताची उंची, वळायला लागणारी जागा. चार महिन्यांत त्यांनी देशीच्या शोरूममध्ये एवढ्या खेपा केल्या की तिथला पहारेकरी त्यांना मालक समजून सलाम करू लागला. आणि जपानीवाल्या सुदर्शनला त्रेचाळीस प्रश्न लेखी दिले. सुदर्शन चंद्रपूरकडचा, मार्केट यार्डाच्या मागे जुन्या गाड्या विकायचा. तो एकदा कंटाळून म्हणाला, "काका, तुम्ही गाडी पाहून राहिले का पोरीसाठी स्थळ?"

"स्थळ एवढं बघितलं नव्हतं," शरच्चंद्र म्हणाले. "ते चुकलंच."

पण रजिस्टरातल्या शेवटच्या रकान्यापाशी त्यांचं पेन दर वेळी अडायचं. रकान्याचं नाव 'शिल्लक आयुष्य'. कागदपत्रांप्रमाणे देशीचं पंधरा वर्षं. जपानीची अकरा होऊन गेलेली, उरली चार. तो आकडा त्यांनी पेन्सिलीनं लिहिला होता, खोडला होता, परत लिहिला होता. कागद तिथे झिजून पातळ झाला होता.

आणि आज पाय दोन डिरेक्टऱ्यांवर आला होता. देशीला तीन लागत होत्या. पाडव्याला घेतली असती तर नीरजाताई तिच्यात स्वतःच्या पायांनी चढल्या असत्या. हे शरच्चंद्रांना कळलं होतं. नीरजाताईंना त्यांच्या आधी कळलं होतं, पण त्या बोलल्या नव्हत्या.

त्यांनी सुदर्शनला फोन लावला. "गाडी दारात आणून दाखवा."

दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला जपानी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि मोजणीदार खांबेट्यांना घाम फुटला. खुर्ची उतरणार डाव्या दारातून. गल्ली एकेरी. घर उजव्या हाताला. दोन्ही गाड्यांचा त्यांनी इंच न् इंच मोजला होता, फक्त ज्या गल्लीत जन्म काढला ती मोजायची राहिली होती.

"काही नाही काका, रिव्हर्स घेतो," सुदर्शन म्हणाला. मग ते लांबलचक धूड पाठमोरं, स्कुटरींना चुकवत, हळूहळू आत आलं.

वरच्या मजल्यावरच्या दुर्गाबाई गॅलरीत वाळवण सोडून बघत होत्या. "शरदराव, गाडी उलटी आली का?"

"नाही. दिशा नियमाची आहे. फक्त तोंड उलटं."

"तुमच्यासारखंच म्हणायचं."

दार सरकलं. घूं असा आवाज झाला, खुर्ची वळली, बाहेर आली आणि ओट्याशी येऊन थांबली. काठी टेकत नीरजाताई चार पावलं आल्या आणि बसल्या. कुणी हात लावला नाही. खुर्ची वर उचलली गेली, वळली, आत गेली. गल्लीत सात-आठ माणसं जमली होती. नीरजाताईंनी पदर सारखा केला. आठ महिन्यांत नव्हता तेवढा ताठ कणा त्यांनी केला होता.

"आज दुसरा शनिवार आहे," त्या म्हणाल्या. "येरवड्याला घ्या."

सुदर्शन गडबडला. "काकू, ही तर नुसती ट्रायल हाय न."

"मग ट्रायलच घेतेय."

"थांब नीरजा," शरच्चंद्र खिडकीपाशी आले. रजिस्टर हातात होतंच. "अजून ठरलं नाहीये. तुझे पाय बघ, लोंबकळतायत. पाय ठेवायची फळी कुठंय?"

"तेवढी तुटली हाय काका. जपानहून मागवावी लागते. दोनेक महिने."

"हेच. हेच मी म्हणत होतो. आज फळी, उद्या मोटर. आणि एवढं करून..." ते थांबले.

"एवढं करून काय?"

"कागदावर चारच वर्षं उरलीत हिची."

नीरजाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ट्रंक कॉल लागेपर्यंत पलीकडच्या माणसाला धीर द्यायचा त्यांचा जो आवाज होता, तो बऱ्याच दिवसांनी आला.

"चार पुरतील हो."

गल्लीच्या टोकाला कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. शरच्चंद्रांनी रजिस्टर उघडलं, तो रकाना पाहिला, मिटलं. चष्मा काढून शर्टाला पुसला. मग घरात गेले.

"संपलं," सुदर्शन पुटपुटला. "आता चव्वेचाळिसावा प्रश्न येते."

शरच्चंद्र बाहेर आले तेव्हा हातात रजिस्टर नव्हतं, टेपही नव्हता. दोन डिरेक्टऱ्या होत्या, धूळ झटकलेल्या. ते ओट्यावरून वाकले, गाडीत अर्धे शिरले आणि एकावर एक अशा त्या नीरजाताईंच्या पायांखाली सरकवल्या.

"पोचले?"

"पोचले."

"उंच होतंय का?"

"बरोबर आहे. बसा आता तुम्ही. जया दारात उभी असेल."

ते मागच्या सीटवर बसले. सुदर्शननं दार लावलं आणि गाडी सुरू केली. मागून शरच्चंद्रांना नीरजाताईंचा खांदा दिसत होता आणि खुर्चीखालून दोन पावलं. डावं पाऊल शनिवारवाड्यापर्यंत थरथरत होतं. मग जाडजूड पुस्तकावर, लोकांच्या हजारो नंबरांवर, ते गप्प टेकून राहिलं.