सरदारचा चांगला पाय

"बाजाराच्या दिवशी माझा सरदार ठेसनापासून मारुतीच्या देवळापर्यंत न लंगडता गेला न्हाई, तर मी सवता टांग्याला जुंपून घेईन!" माझ्या चहाच्या टपरीसमोर हिंदुराव टांगेवाल्यानं मांडी थोपटली.

"आन् गेला तर?"

"तर ज्योतीराम, महिनाभर त्याची लीद तू उचलायची. डोक्यावर घमेलं घिऊन."

"लागली!" मी टाळी दिली. आळीतले सगळे खिदळले.

तळेगाव ठेसनावर टांगे पुष्कळ, पण एवढा फुगलेला गडी दुसरा नव्हता. आजा म्हणे सरदारांच्या पागेत होता. तिथं काय करत होता ते हा सांगत नसे, म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगत असे. बरगड्या मोजून घ्याव्यात असलं घोडं, आणि नाव काय, तर सरदार!

त्या सरदारचा मागचा डावा पाय चाकणच्या वाटेवर खड्ड्यात मुरगळला. जनावरांच्या डॉक्टरनं सुई टोचली, मलम दिलं आणि बजावलं, टांग्याला जुंपू नका, रोज हातात धरून हळूहळू चालवा. सूज उतरली, लंगडणं काही गेलं नाही. जाणार कसं?

"अवं, जरा फिरवून आना की त्याला," हिंदुरावची बायको गवराबाई रोज कानीकपाळी ओरडायची.

"घोडं धरून पायी हिंडाय मी काय कुनाचा मोतद्दार हाय? लोक हसतील!"

लोक म्हणजे मी. मी हसलोच असतो, त्यात खोटं नाही. पण माझ्या हसण्यापायी यानं घोडं दावणीला उभं करून आखडवलं, आणि वर लोहाराकडून त्याच्या मांडीवर तापल्या सळईचे डाग देऊन घेतले. आता सरदार लंगडायचाही आणि डागाच्या जागी माश्याही हाकायचा.

एस.टी. आल्यापासून टांग्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. हिंदुरावचं रोजचं म्हणावं असं एकच, यशवंतराव शेठ. त्यांनीही सांगून टाकलं होतं, "बाजारादिवशी बघतो. घोडं नीट चाललं तर टांगा तुझा, नाहीतर आपली एस.टी. बरी."

बाजाराचा दिवस उजाडला. सरदारच्या कपाळावर गोंडा, हिंदुरावच्या डोक्यावर नवा फेटा. टांगा निघाला, आणि काय सांगू, घोडं सरळ चाललं! लंगडणं नावाला नाही.

"बघा शेठ!" हिंदुराव ओरडला. "ज्योतीराम, घमेलं आन!"

"वा हिंदुराव. उद्यापासून ये," शेठ म्हणाले.

मी मात्र पाय बघत होतो. नवी वहाण चावलेल्या नवरीसारखं घोडं मागचे दोन्ही पाय जपून टाकत होतं. घोडी विकणाऱ्या दलालांत मी चार पावसाळे काढलेत. मला कोण शिकवणार?

"थांब!" मी म्हटलं. वाकून मागचा उजवा, चांगला पाय उचलला. नालेत पाचर मारल्यासारखा खडा बसवलेला. एक पाय दुखतो, तर दुसराही दुखवायचा; चाल सारखी दिसते. दलालांची जुनी लबाडी, आणि या पागेवाल्यानं ती स्वतःच्याच घोड्यावर केली.

खडा उपसून मी वर धरला. "हे घ्या, सरदारचं औषध!"

बाजार फुटला हसून. सरदार दोन पावलं चालला, आणि मागचा डावा पाय पुन्हा खचकन उचलला. शेठनी धोतराचा सोगा सावरला आणि एस.टी.च्या थांब्याकडं निघाले.

"जुंपून घ्या, सरकार!" मी टांग्यात चढून मागच्या बाकावर रेललो. "देवळापर्यंत सोडा."

मला वाटलं, हा पळेल, नाहीतर शिव्या देईल. त्यानं घोडं सोडलं, लगाम गर्दीतून पुढं आलेल्या गवराबाईच्या हातात दिला. फेटा काढून खांद्यावर टाकला आणि दांड्यांच्या मधे जाऊन उभा राहिला. पोरं शिट्ट्या मारत होती, भाजीवाल्या उभ्या राहून बघत होत्या. मी जिभेनं टकटक केलं, "हैक!"

टांगा हलला. चार हातांवर तो थांबला. दांड्या वर उचलल्या जात होत्या, आणि तो सगळं अंग टाकून त्या खाली दाबत होता. मान वळवून, रोजच्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाला, "जरा म्होरं सरका, पाव्हनं. गाडी उलार व्हतीया."

मी पुढं सरकलो. दांड्या खाली आल्या, आणि टांगा चालायला लागला.