हाताने पाठवलेल्या तीन फायली

बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली त्याला नऊ दिवस झाले होते. कोणी हसलं की हसायची, विचारलं की उत्तर द्यायची. आत मात्र काहीच हलत नव्हतं. कानात कापूस घातल्यासारखा दिवस जायचा.

काम हात आपसूक करत होते. मीटरांचे आकडे रोज एका फाइलीत बांधून केंद्राकडे जातात, तिथे कोणी किती वीज दिली-घेतली याचा मेळ बसतो. प्रत्येक फाइलीला क्रमांक असतो. मधले काही क्रमांक गाळले तरी केंद्राला चालतं, पण एकच क्रमांक दोनदा आला की दुसरी फाइल गुपचूप टाकून दिली जाते. ना ओरड, ना निरोप. शनिवारपासून जुन्या यंत्रणेच्या जागी नवी यायची होती आणि तिचा पहिला क्रमांक ठरवायचं काम हिच्याकडे होतं.

जुनी यंत्रणा ४८२१६ वर आली होती. पुढचा द्यायचा, झालं. तरी सवयीने तिने केंद्रातल्या बाईंना फोन लावला. शेवटचा नको, म्हणाली, आजवर आलेला सगळ्यांत मोठा क्रमांक सांगा.

४८३०२, बाई म्हणाल्या.

बाईंनी शोधून सांगितलं: सहा महिन्यांपूर्वी यंत्रणा अडकली असताना कोणीतरी तीन फायली हाताने बनवून, चालू क्रमांकांच्या मध्ये येऊ नयेत म्हणून बरेच पुढचे क्रमांक देऊन पाठवल्या होत्या आणि इथे नोंद केली नव्हती. नवी यंत्रणा चौऱ्याऐंशीव्या दिवशी त्या क्रमांकांवर आदळली असती. तीन दिवसांचे आकडे गायब, आणि कोणाला पत्ताही नाही.

विभागाच्या प्रमुख मॅडमनी ऐकून घेतलं. ज्याने हे केलं तो नव्या यंत्रणेला हात लावणार नाही, एवढंच म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरचे काका महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. एकतीस वर्षांत एक आकडा चुकला नाही, हे ते चहावाल्यालासुद्धा ऐकवायचे. तेच लगेच म्हणाले, असेल माझंच, म्हातारा झालो.

त्या फायली पाठवल्याची तारीख तिच्या रजेआधीच्या शेवटच्या दिवसाची होती. तिने आपला जुना फोल्डर उघडला. तिन्ही फायली तिथेच होत्या. तो दिवस आठवून पाहिला. सुजलेले पाय आठवले, बाकी काही नाही. फायली पुसायला एक बटण पुरलं असतं.

काकांनी मागून पाहिलं. "गप्प बस पोरी," ते हळूच म्हणाले. "मी चाललोच आहे. तुला अजून वीस वर्षं काढायचीत इथे."

खरं होतं. या कामासाठीच तर ती बाळाला पाचव्या महिन्यात पाळणाघरात ठेवून आली होती. ती उठली, मॅडमच्या टेबलापाशी गेली आणि वेळापत्रक वाचावं तशा आवाजात म्हणाली, "फायली माझ्या आहेत. मला आठवत नाही, पण माझ्याच आहेत."

काम काकांकडे गेलं, तिच्याकडे ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घ्यायचं काम आलं. काका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

शनिवारी सकाळी ती बाळाला मांडीवर घेऊन दूध पाजत असताना त्यांचा फोन आला. ४८३०३ पोचली, केंद्राने घेतली. मग उगाच नव्या यंत्रणेला चार शिव्या घातल्या, आणि विचारलं,

"वाईट वाटतंय का गं?"

तिने खरंच आत शोधून पाहिलं.

"अजून नाही, काका."