पोटच्या पोराला चार गुण

गुण देताना एनेइदाबाईंचा हात आखडता असे. रेमेदियोस गावच्या सिगार कारखान्यात मंचावर बसून एकतीस वर्षं त्या सिगार वळणाऱ्या कामगारांना पुस्तकं वाचून दाखवत होत्या, आणि संपलेल्या प्रत्येक पुस्तकाला दहापैकी गुण देत होत्या. चोर-पोलिसांच्या कादंबरीला आठ. कोंबडीपालनाच्या पुस्तिकेला सहा, कारण ती निदान थापा मारत नाही. दर प्रकरणात नायिका बेशुद्ध पडते त्या प्रेमकथेला दोन, तेही छपाई बरी म्हणून. ग्रहताऱ्यांच्या पुस्तकाला नऊ. दहा कुणालाच नाहीत.

पोटच्या पोराला त्यांनी चार दिले होते. आमाउरीनं मोठ्या आशेनं आपली कादंबरी आईच्या हाती ठेवली होती. "भाषा बरी आहे, पण माणसं कागदी वाटतात. चार," बाई म्हणाल्या. पोरगा हसला. त्यानं लिहिणं सोडलं आणि उसाच्या ट्रकवर गेला. वर्षाच्या आत ट्रक उलटला आणि बाईंचा एकुलता एक मुलगा गेला. तेव्हापासून एकच प्रश्न त्यांचं काळीज कुरतडत होता. ते चार बरोबर होते की चुकले?

याचा निवाडा कारखानाच करू शकत होता. तंबाखूची पानं कापायच्या सुऱ्या घेऊन बसलेली ती दीडशे माणसं कुणाची भीडभाड ठेवत नसत. वाचलेलं आवडलं तर सुरी फळीवर ठोकायची, नावडलं तर खाली जमिनीवर टाकायची. पुढचं पुस्तक मतदानानं ठरे. बाईंनी यादीत लेकाची कादंबरी परक्या नावानं घुसवली, आणि ती निवडून आली.

पहिल्या दिवशी कोपऱ्यात दोन सुऱ्या वाजल्या, दारापाशी एक खाली पडली. पडलेल्या सुरीनं बाईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कादंबरीतला मुलगा आईला म्हणाला, "मला खरं सांग," आणि तिथे बाईंचा आवाज भरून आला. त्या पाणी प्यायल्या, पुढे वाचू लागल्या. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या निकासिओनं मान वर केली. आमाउरी त्याच्या डोळ्यांदेखत वाढला होता; पुस्तक कुणाचं, ते त्यानं ओळखलं. तो शेजाऱ्याच्या कानाशी लागला, आणि कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत गेली.

नवव्या दिवशी पुस्तक संपलं. दीडशे सुऱ्या एकदम वाजल्या, कवायत केल्यासारख्या एका तालात. बाईंचा कान काही कालचा नव्हता. खरंच आवडतं तेव्हा आधी एक वाजते, मग चार, मग नुसता गोंधळ होतो.

"बंद करा!" बाई ओरडल्या. "खोटं वाजवताय, मेल्यांनो! एकतीस वर्षांत कधी माझी गय केली नाहीत, ती आजच करायची होती?"

सुऱ्या थांबल्या.

"पोराच्या आईपुढे सुरी खाली कशी टाकायची, बाई?" निकासिओ म्हणाला.

"म्हणजे टाकणार होतास?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"मग मनापासून वाजवलीस? सांग ना रे! तुझ्या पाया पडते."

म्हातारा हातातलं पान उगाच सरळ करत राहिला.

"मलाच नाही ठाऊक," तो म्हणाला. "तुमचा आवाज भरून आला ना, त्यानंतर मी पुस्तक ऐकलंच नाही, बाई. तुम्हालाच ऐकत होतो."