शिसवाच्या खोडातले खिळे

मी एक जुनी, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. ग्वाल्हेरच्या नया बाजारात एका कबाड्याच्या दुकानात खुंटीला लटकले आहे. घाबरू नका मित्रांनो, दात केव्हाच बोथट झालेत. जीभ तेवढी शाबूत आहे.

मी घडले साता समुद्रांपलीकडे, संस्थानच्या जंगलखात्यासाठी. बोटीनं इथे येऊन बघते तर काय, संस्थान विलीन झालेलं! मागवणारेच उरले नाहीत, मग मला विचारतो कोण? लिलावात सचिवालयातल्या लक्ष्मीकांतरावांनी मला उचललं. कारकून माणूस, पण खरादीचं भारी वेड. खराद म्हणजे लाकूड गरगर फिरवून गोल कातायचं यंत्र. ओंडका लोळू नये म्हणून ते त्याला पाचरी लावत, वर एक सरळ फळी ठोकत आणि फळीच्या कडेकडेनं मला लांबीनं चालवत. मधला गाभा काढून टाकत, कारण तिथेच लाकूड तडकतं. उरलेल्या तुकड्यांचे करंडे, लाटणी, भोवरे होत. दर इतवारी ते कानशीनं माझे दात घासत. काय माझी ऐट होती म्हणून सांगू!

सरकारी क्वार्टरच्या अंगणात शिसवाचं एक झाड होतं. दर दसऱ्याला ते आपल्या लेकीला, शरयूला, खोडाशी उभी करत आणि तिच्या डोक्याच्या उंचीवर एक बारीक खिळा ठोकत. नवव्या वर्षी विषमज्वरानं पोर गेली. खिळे थांबले. पण संध्याकाळी ते खोडाला टेकून बसले, की मला वाटायचं, झाडाआडून कुणीतरी हळूच हसतंय. मी लोखंडाची, तरी माझं अंग गार पडायचं.

छप्पन साली राज्यांची नव्यानं मांडणी झाली. राजधानी भोपाळला ठरली आणि दसऱ्याच्या तोंडावर बदलीचा हुकूम आला. लेकीचं झाड परक्यांवर सोडून जायला त्यांचा जीव होईना. निदान त्या लाकडाचा एक करंडा तरी बरोबर न्यावा, असं त्यांनी ठरवलं. बायको, शांताताई, सामान बांधायला सुतळी आणायला गेल्या होत्या. त्यांना न विचारताच लक्ष्मीकांतरावांनी झाड आडवं केलं. खिळ्यांचा बुंधा जपून बाजूला ठेवला. वरचा हातभर ओंडका निर्मळ समजून मला त्यात घातलं.

मी निम्म्यात पोचले आणि कडकन साखळी तुटली. आत खिळा! सालीखाली पार गडप झालेला. त्यांनी पटाशीनं कोरून पाहिलं, तर थोडं वर दुसरा. मग तिसरा.

"हे कुणी ठोकले?" ते ओरडले.

शांताताई फाटकात उभ्या होत्या. "मी," त्या म्हणाल्या. "शेजारची पद्मा तिच्याच वयाची ना? दर दसऱ्याला तिला उभी करते. आपली शरयू आता एवढी झाली असती, म्हणून खिळा ठोकते."

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुम्हाला सोसलं नसतं. आणि अहो, आज तुम्ही तरी मला कुठे विचारलंत?"

दोघं भुशातच बसून रडली. गेलेली पोर त्या झाडात तीन वर्षं वाढत होती, मित्रांनो, आणि मी तिला मधोमध चिरली. किती लाकूड कापलं मी, पण ते पाप काही केल्या अंगावरून जात नाही. तो अर्धा चिरलेला ओंडका पुढे रजईत गुंडाळून भोपाळला गेला. मला कबाड्याला दिलं, ते बरंच झालं.

तेव्हा एवढं ऐका. झाडाला करवत लावण्याआधी घरातल्या माणसांना विचारा. शेजारच्या पोरीलासुद्धा विचारा. कारण त्या दसऱ्याला पद्मा नवा परकर नेसून, सोनं घेऊन आली. रिकाम्या अंगणात तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, पेड़ तो गया. यंदा मी कुठे उभी राहू?"