माझ्या दाराची नवी खिटी

मी एक जुनी मोटार आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. तुम्हाला माझा काळाभोर रंग दिसतो, मोठे गोल दिवे दिसतात. पण घाटाचं वळण आलं की माझ्या पत्र्याला कापरं भरतं. असं का, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. जहाजातून मुंबई, आगगाडीतून मलकापूर, आणि तिथून घाट चढून मी डोणगावला हिंमतरावांच्या दारात आले. कितीतरी नवरदेव मी मिरवले. बाया माझ्या चाकांवर पाणी घालायच्या. मग गावात एसटी आली आणि माझं कौतुक ओसरलं. कोंबड्या माझ्या टपावर बसू लागल्या. त्याचंही फार वाटलं नाही. जीव घाबरला तो माझ्या मागच्या दाराची खिटी तुटली तेव्हा.

खिटी म्हणजे दार धरून ठेवणारा लोखंडी तुकडा, तुमच्या अंगठ्याएवढा. माझ्या त्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आहेत. चालताना ते जरा जरी फाकलं, तरी वारा त्याला सताड उघडतो.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. तशी खिटी कुठेच मिळेना. ती बनवणं कारखान्याने कधीच सोडलं होतं. आणि इकडे घाई. हिंमतरावांची सून कोकिळा बाळंतपणाला वडनेर भोलजीला माहेरी गेली होती. तिला आणि तान्हीला आणायचं होतं. घरची पहिली नात एसटीने येणार? छे!

हिंमतरावांनी तुटकी खिटी गावातल्या कडूबा मिस्त्रीपुढे ठेवली.

"हुबेहूब अशीच पाह्यजे, कडूबा. केसाचा फरक नोको."

"जुळ्या बहिणी वाटतीन, मालक!"

आणि खरंच त्याने तशीच घडवली. इथेच चूक झाली, मित्रांनो. जुनी खिटी वर्षानुवर्षं घासून झिजलेली होती. कडूबाने तिची झीजही नवीत उतरवली. दार लागलं, सगळ्यांनी वाहवा केली. मला मात्र कळलं, ही खिटी नुसती टेकली आहे, हिने धरलेलं नाही. पण मला कोण विचारणार?

जाताना ती कशीबशी टिकली. वडनेरहून येताना कोकिळा त्याच दाराला टेकून बसली. मांडीवर तान्ही, शेजारी सासू सोजराबाई, पुढे हिंमतराव, आणि चालवायला इंद्रभान. राजूरचा घाट लागला. त्या दाराच्या बाजूला दरी. पहिल्याच वळणावर खिटी सरकली. मी खडखडले.

"काऊन बे इंद्रभान, मोटर लय कुरकुर करून राह्यली?"

"म्हातारी झाली, मालक. म्हाताऱ्यायले सवयच असते."

"माह्याकडं पाहून नोको बोलू," सोजराबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

मी नाही हसले. फटीतून वारा शिरला, बाळाचं टोपरं हललं. कोकिळेने दाराकडे पाहिलं. पण त्या घरात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नसे. तिने पदर सावरला, बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि ओठ मिटून बसली. मी जिवाच्या आकांताने खडखडत राहिले. बोल, बाई, बोल! मला वाचा नाही, तुला आहे.

"थांबवा!" कोकिळा ओरडली. "इंद्रभानदादा, मोटर थांबवा, दार सुटून राह्यलं!"

ती बाळासकट सासूच्या अंगावर कलंडली आणि त्याच क्षणी वाऱ्याने माझं दार खेचलं. ती टेकली होती तिथे आता नुसती दरी दिसत होती.

मी थांबले. इंद्रभानने चाकांखाली दगड लावले. मग हिंमतराव उतरले, डोक्याचा फेटा सोडला आणि स्वतःच्या हाताने दार बांधलं. "बोलली ते बरं केलं, पोरी," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता, पण म्हणाले.

डोणगावात कडूबाने ती खिटी हातात घेतली आणि दाराशी लावून पाहिली. "म्या जुनीले पाह्यलं, मालक. दाराले नाही पाह्यलं."

त्याने आणखी जाड खिटी घडवली. ती नेमकी कुठे अडते ते कळायला त्याला दिव्याची काजळी हवी होती. कोकिळेने बाळाची काजळाची डबीच आणून दिली. खिटीला काजळ लावायचं, दार लावायचं, उघडायचं. जिथलं काजळ पुसलं तिथेच कानस फिरवायची. मग पुन्हा काजळ. सारी दुपार हेच. कानशीचा आवाज झाला की मी दचकत होते. जास्त घासली तर पुन्हा तेच व्हायचं ना!

शेवटी दार 'टक्' करून लागलं. हिंमतरावांनी ओढून पाहिलं. इंद्रभानने ओढून पाहिलं. कोकिळेने बाळ सासूकडे दिलं, पाय रोवले आणि दोन्ही हातांनी ओढलं. दार हललं नाही.

डबीच्या तळाशी थोडं काजळ उरलं होतं. तिने ते बोटावर घेतलं, बाळाच्या गालाला तीट लावली, आणि तेच बोट माझ्या दाराच्या आतल्या बाजूला टेकवलं.

तो ठिपका अजून आहे, मित्रांनो. घाटात मी अजूनही घाबरते आणि 'टक्' आठवून पुढे जाते. तुमच्या घरातलं काही जुनं कुरकुरलं, तर म्हातारं झालं म्हणून हसू नका. जवळ जा, हात लावून बघा. कदाचित ते तुम्हालाच धरून ठेवायला धडपडत असेल.